गावाच्या प्रश्नावर काम करणारी विद्यार्थी-फळी कशी उभी करावी: नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, नोंदणीचे अर्ज हातात येतात. शंभर मुलांचं एक युनिट, प्रत्येकाचे वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि मधे सात दिवसांचं विशेष शिबिर. नवा कार्यक्रम अधिकारी आधी या तासांच्या हिशेबाला लागतो, कारण अहवाल तासांचाच द्यायचा असतो. वृक्षारोपण झालं, प्रभातफेरी झाली, पथनाट्य झालं, फोटो चिकटवले. वर्ष संपतं, वही भरते. आणि शंभरातल्या बहुतेकांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत एकट्यानं जाऊन एक साधा कागद मागता येत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते. माणदेशातल्या एका कॉलेजात हे काम माझ्याकडे चार वर्षं होतं. पहिल्या वर्षी मीही तासच भरले. शिवाय एक मोठी चूक केली. गावातल्या तुंबलेल्या गटारीचा प्रश्न मुलांनी शोधून आणला होता, पण ग्रामसभेत मुलं अडखळायला लागली तशी मी उठले आणि स्वतः बोलले. आठ दिवसांत गटार साफ झाली. मला फार बरं वाटलं. पुढच्या वर्षी ग्रामसभेची तारीख आली तेव्हा मुलांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही येताय ना?" मी परीक्षेच्या कामात होते, जाऊ शकले नाही. एकही मूल गेलं नाही.

त्यानंतर मी जे बदललं ते इथे क्रमानं सांगते. एनएसएसच्या चौकटीत सांगते, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत हीच चौकट हाताशी असते. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ही योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्यानं समाजात जाऊन शिकावं हा तिचा मूळ हेतू आजही कागदावर शाबूत आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे समाजाशी जोडलेले प्रकल्प श्रेयांकांतही आले आहेत. त्या प्रकल्पांच्या मार्गदर्शकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी माणसं हेरा

शंभर जणांना कामात घ्यायचं, पण वर्षभर बारीक लक्ष ठेवायचं ते दहा-बाराजणांवर. हे दहा-बारा मुलाखत घेऊन सापडत नाहीत. स्टेजवर बोलणारी मुलं आपोआप पुढे येतात आणि आपण त्यांनाच गटप्रमुख करून मोकळे होतो. मी त्याऐवजी पहिले तीन शनिवार अगदी किरकोळ कामं द्यायला लागले. "अमुक वस्तीवर किती हातपंप आहेत आणि त्यातले किती चालू आहेत, एवढंच बघून या."

एक मुलगा येऊन सांगतो, "तीन आहेत, दोन चालू." दुसरी मुलगी सांगते, "तीन आहेत. तिसरा चालू आहे, पण त्याच्या वाटेवर बाभळी वाढल्यात, म्हणून बायका तिकडे जात नाहीत." तिसरा कबूल करतो, "एसटी चुकली, गेलो नाही," आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन येतो. मला दुसरी आणि तिसरा हवे असतात. एकीला दिसतं, दुसरा खोटं बोलत नाही आणि सोडूनही देत नाही. बोलायला नंतर शिकवता येतं.

निवडताना काही गोष्टी ठरवूनच ठेवा. निम्म्या तरी मुली हव्यात. काम करणार त्या गावातली किंवा शेजारच्या गावातली दोन-तीन मुलं हवीत. कॉलेज सुटल्यावर दुकानात किंवा पंपावर काम करणारी एक-दोघं हवीत, कारण पगार, उधारी आणि मालक काय असतात हे त्यांना माहीत असतं. बैठकीची वेळ एसटीचं वेळापत्रक बघून ठरवा. मी पहिल्या वर्षी पाचला बैठक घ्यायचे आणि लांबच्या मुली टिकत नाहीत म्हणून हळहळायचे. शनिवारी अकराचा मोकळा तास धरला, त्या सगळ्या परत आल्या.

कुणी गुणांसाठी आलं असेल तर ते मनात धरू नका. माझ्याकडे सर्वांत नेटानं काम केलेली मुलगी गुणांसाठीच आली होती आणि तिनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

महिनाभर फक्त बघायचं

'दत्तक गाव' हा शब्द अहवालात लिहावा लागतो, मुलांसमोर मी तो वापरत नाही. गाव काही पोरकं नसतं. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो आणि पाहुण्यासारखंच वागायचं, हे पहिल्या फेरीआधी स्पष्ट सांगा. लोकांना काकू, मामा, आजी म्हणायचं. 'लाभार्थी' हा शब्द तोंडातून येऊ द्यायचा नाही.

तिघा-तिघांचे गट करा, त्यात एकजण त्या भागातला. प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही. डाव्या पानावर 'पाहिलं', उजव्या पानावर 'वाटलं'. हे दोन वेगळे ठेवायला शिकवणं हे पहिल्या महिन्याचं जवळजवळ सगळं काम आहे. 'लोकांना स्वच्छतेचं महत्त्व कळत नाही' असं वाक्य डाव्या पानावर आलं की ते मुलांनाच उजवीकडे न्यायला लावायचं आणि विचारायचं, मग डावीकडे काय उरलं?

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि पाणी सोडणारा माणूस, या पाचजणांना भेटल्याशिवाय महिना संपवू नका. शेवटच्याला बहुतेक गट विसरतात, आणि गावाचं वेळापत्रक त्याच्याच हातात असतं. याशिवाय ज्यांची नावं कुणी सुचवत नाही अशा दोन घरी जाऊन या. आमच्याकडे एक एकटी राहणारी आजी होत्या आणि एक मेंढपाळ कुटुंब, जे वर्षातले काही महिनेच गावात असतं. त्या कुटुंबानं सांगितलेली गोष्ट गावातल्या कुठल्याच यादीत नव्हती: ते परत येतात तेव्हा त्यांच्या कोपऱ्यातल्या नळाला पाणी येतं, पण त्याला 'औषधाचा वास', म्हणजे क्लोरीनचा वास, कधीच नसतो.

प्रश्न निवडण्याची कसोटी

मुलांना लगेच मोठा विषय हवा असतो. व्यसनमुक्ती, बेरोजगारी, पर्यावरण. हे विषय खरेच आहेत, पण त्यांना पत्ता नसतो. निवडलेल्या प्रश्नाला पत्ता हवा, म्हणजे तो कोणत्या कचेरीच्या, कोणत्या टेबलाशी जातो हे सांगता आलं पाहिजे. मी मुलांना फळ्यावर पाच ओळी लिहून देते.

हा प्रश्न कुणाच्या अखत्यारीत येतो?
त्याची नोंद कोणत्या कागदावर असायला हवी?
त्यासाठी पैसा लागत असेल तर तो कुठून येतो?
तो सुटला तर कुणाची गैरसोय होईल?
आपण अजून कुणाला विचारलेलंच नाही?

पाचही ओळींसमोर काहीतरी लिहिता आलं की प्रश्न हातात घ्या. आणखी एक अट घालते: गावातल्या किमान दोघांना तो आपला वाटला पाहिजे. मुलं परीक्षेला गेल्यावर त्याच्याजवळ थांबणारी ती दोघंच असतात.

'औषधाचा वास' हा प्रश्न या कसोटीला उतरला. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण मार्गदर्शकानं कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं ते तिच्यात दिसतं.

मुलांची पहिली कल्पना होती 'शुद्ध पाणी' या विषयावर प्रभातफेरी आणि बॅनर. मी नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "फेरी बघून कोण काय वेगळं करेल?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, "आधी पाणी तपासून बघायचं का?" इथे माझा विषय कामी आला. मी त्यांना ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी दाखवली: नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, आणि रंगाच्या पट्टीशी ताडून प्रमाण कळतं. ते द्रावण विषारी असतं, म्हणून तपासलेलं पाणी कुणी प्यायचं नाही, हात धुवायचे, बाटली लहान मुलांपासून लांब ठेवायची. नळाच्या पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावं असा मापदंड आहे.

तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, सहा ठिकाणचे नळ. टाकीजवळच्या नळांना कधी गडद पिवळा रंग यायचा, कधी काहीच नाही. शेवटच्या वस्तीवर एकदाही रंग आला नाही. मुलं पेटून उठली. ग्रामपंचायत झोपली आहे, पेपरात द्यायचं, असा सूर निघाला. मी एवढंच म्हटलं, "पाणी सोडणाऱ्या मामांसोबत एक सकाळ काढा. मग ठरवू."

त्या सकाळी बरंच कळलं. टीसीएलची, म्हणजे पाण्यात क्लोरीनसाठी टाकायची, पावडर उघड्या पोत्यात होती आणि पोतं गळक्या खोलीत. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, पण दमट हवेत आणि उघड्यावर ते भराभर उडून जातं. मामा वजन न करता ओंजळीनं पावडर टाकत. वीज कधी येईल त्यावर टाकी भरण्याची वेळ ठरायची, त्यामुळे कधी पावडर टाकून लगेच पाणी सोडावं लागे. क्लोरीनला जंतू मारायला किमान अर्धा तास लागतो, तो मिळतच नसे. आणि मामांना या कामाचं प्रशिक्षण कुणी दिलंच नव्हतं. परतताना एसटीत कुणी 'झोपली आहे' म्हणालं नाही.

मी आधीच सगळं सांगू शकले असते. पावडर उघडी असणार हा अंदाज मला होताच. सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, आणि मामांसोबतची ती सकाळ झाली नसती.

कागद लिहिणं, देणं आणि त्याचा माग ठेवणं

हे शिक्षण कॉलेजात कुणी देत नाही, म्हणून इथे अजिबात घाई करू नका. पहिला अर्ज मुलांना स्वतः लिहू द्या. तो दोन पानी असेल, त्यात 'आजच्या धकाधकीच्या युगात' असेल, शेवटी एखादी कविताही असेल. लाल पेन घेऊ नका. त्यातलाच एकजण ग्रामसेवक झाला असं धरून त्याला तो मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, "यातलं तू उद्या नेमकं काय करशील?" दुसरा मसुदा आपोआप अर्ध्यावर येतो. आमचा चौथा मसुदा साधारण असा होता:

"विषय: टीसीएल पावडरीच्या साठवणुकीबाबत. महोदय, आम्ही दि. अमुक ते अमुक या काळात गावातील सहा नळांवर ओटी चाचणी घेतली. तक्ता सोबत जोडला आहे. वस्तीवरील नळाला एकदाही क्लोरीन आढळले नाही. विनंती: 1) पावडर साठवण्यासाठी घट्ट झाकणाचे पिंप द्यावे. 2) टाकीच्या मापानुसार पावडरीचे प्रमाण टाकीजवळ लिहून लावावे. 3) रोजची नोंदवही ठेवावी. या कामात आम्ही आठवड्यातून एकदा मदत करू शकतो."

शेवटचं वाक्य मुलांचं होतं आणि ग्रामसेवकांनी सर्वांत आधी तेच वाचलं.

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि पोच देणाऱ्या माणसाशी आवाज चढवायचा नाही. अर्ज देताना दोघांनी जायचं: एक बोलणारा, एक लिहून घेणारा. पहिल्या वेळी मी कचेरीच्या दारापर्यंत गेले, दुसऱ्या वेळी एसटी स्टँडपर्यंत, तिसऱ्या वेळी कॉलेजातच राहिले. हे अंतर तुम्हीही ठरवून वाढवत न्या.

माहितीचा अधिकार मुलांना फार आवडतो, कारण त्यात ताकद वाटते. तो जरूर शिकवा. 2005 चा कायदा, जोडपत्र 'अ' मधला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तरासाठी 30 दिवस, उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास 30 दिवसांत पहिलं अपील. पण त्याआधी कलम 4 शिकवा, कारण बरीचशी माहिती कार्यालयानं न मागता खुली ठेवायची असते. आणि त्याच्याही आधी नुसतं जाऊन विचारायला शिकवा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर बघता येतो. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख बघू द्यावेत असा राज्य शासनाचा 2018 चा निर्णय आहे. तो छापून मुलांच्या फाइलमध्ये ठेवा. जे काम चहा घेताना होतं त्याला थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की गावात दारं बंद होतात, आणि ती उघडायला पुढच्या तुकडीला वर्ष जातं.

ग्रामसभेत कोण बोलणार?

ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारांची सभा. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला तिथे बसता येतं, ऐकता येतं, अध्यक्षांनी सांगितलं तर माहिती देता येते, पण ती सभा त्याची नाही. हे मुलांना पटवायला वेळ लागतो, कारण तयारी त्यांनी केलेली असते.

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही महिला सभा अनेक ठिकाणी सह्यांपुरती उरते, आणि पाण्याचा प्रश्न मांडायची सर्वांत चांगली जागा तीच असते. आमच्या मुलींनी वस्तीवरच्या बचत गटातल्या बायकांसोबत आधी तिथे जायचं ठरवलं.

बोलणारीला तीन वाक्यांचा सराव द्या: काय पाहिलं, काय हवं, कधीपर्यंत. आमच्यात त्या गावची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, नुकतीच मतदार झालेली. तिनं घरी म्हशीसमोर उभं राहून सराव केला असं ती सांगते. सभेत तिचा आवाज पहिल्या वाक्याला गेला. मी मागे भिंतीला टेकून बसले होते आणि पायाच्या बोटांपर्यंत अवघडले होते. उठले नाही. तिच्या शेजारची वस्तीवरची काकू काचेची नळी हातात धरून म्हणाली, "पोरगी काय सांगतीय ते बघा की, हिच्यात रंगच येत नाही." मग मुलीनं उरलेली दोन वाक्यं नीट पूर्ण केली.

सभा संपल्यावर टाळ्या वाजवून निघू नका. ठराव लिहिला गेला का, सूचक-अनुमोदक कोण, इतिवृत्तात शब्द काय आले, हे वाचून घ्यायला मुलांना थांबवा. 'चर्चा झाली' असं लिहिलं गेलं तर काहीच ठरलेलं नसतं. ठरावाची प्रत मागायची. आम्हाला ती तिसऱ्या फेरीत मिळाली.

शनिवारचा तास

माझ्या मते खरं मार्गदर्शन इथे होतं, गावात नाही. दर शनिवारी एक तास, फक्त त्या दहा-बाराजणांसोबत, गोल बसून. मी बोलण्याची वेळ स्वतःसाठी दहा मिनिटं ठरवून घेतली होती, आणि ती पाळली जाते का हे घड्याळ लावून बघायला एका मुलाला सांगितलं होतं.

प्रश्न नेहमीचेच चार-पाच. या आठवड्यात कुणी तुमचं मत बदललं? कुठे राग आला आणि तेव्हा काय केलंत? कुणाचं काम तुम्ही स्वतः करून टाकलंत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मीही देते. एकदा मला सांगावं लागलं की ग्रामसेवकांना मी परस्पर फोन केला होता. मुलं नाराज झाली आणि त्यांचं बरोबर होतं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची गोष्ट मी या तासात दरवर्षी सांगते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा बहुतेकांनी ऐकलेली असते. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, हेही काहींना माहीत असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. निर्णय गावसभेत आणि सर्वसहमतीनं; अभ्यास अभ्यासगटात, जिथे निर्णय होत नाहीत, फक्त समजून घेतलं जातं. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले सहकारी या अभ्यासात सोबत राहिले आणि निर्णय देवाजी तोफा व गावकऱ्यांचे राहिले. शनिवारचा तास हा आमचा अभ्यासगट. तिथे मी म्हणेन ते अंतिम नसतं आणि गावानं काय करावं हेही तिथे ठरत नाही.

वह्या मी महिन्यातून एकदाच बघते. गुण देत नाही, दुरुस्ती करत नाही, समासात एक प्रश्न लिहून परत देते. शंभर वह्या असं करणं अशक्य आहे. बारा होतात.

जात, पक्ष आणि घरचे

गट गावात कुणाकडे चहा घेतो, हे सगळं गाव बघत असतं. पहिल्या वर्षी आमचा चहा नेहमी सरपंचांच्या ओट्यावर व्हायचा. शेवटच्या वस्तीवर क्लोरीन का पोचत नाही याचं एक कारण पाइपलाइनची लांबी होतं. ती वस्ती गावाबाहेर का वसली याचं कारण वेगळं आहे. मुलांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं, बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम का काढली, हे मी पाण्याच्या कामाआधी सांगते. इतिहासाच्या तासाला ऐकलेलं आणि वस्तीवर काकूंच्या हातचं पाणी पिताना आठवलेलं, यात फार फरक पडतो. एखादं मूल तिथे पाणी प्यायला कचरलं तर त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. शनिवारी दोघांत बोला, पण बोला नक्की.

पक्षाचं राजकारण टाळता येत नाही. माझा नियम साधा होता: नागरिक म्हणून कुणी कुठल्याही पक्षाचं काम करावं, एनएसएसचा टी-शर्ट घालून नाही. निवडणूक जवळ आली की युनिटला 'कार्यक्रमाला मुलं पाठवा' असे निरोप येतात. तो नकार मार्गदर्शकानं स्वतः द्यायचा. मुलांच्या खांद्यावर तो टाकायचा नाही, हे एक काम मात्र पूर्ण आपलं आहे.

वाळू, अवैध दारू, जमिनीचा वाद, घरातली मारहाण: या चार गोष्टींत विद्यार्थ्यांना पुढे करू नका. त्यांना दिसलं तर त्यांनी तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही संबंधित यंत्रणेला. बालविवाहाची चाहूल लागली तर 1098 ला फोन करता येतो, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतात. मुलांनी मंडपात जाऊन वाद घालायचा नाही.

मुलींच्या घरी सप्टेंबरमध्येच जाऊन या. पत्र पाठवून भागत नाही. कुठे जाणार, सोबत कोण, परत किती वाजता, हे आईसमोर बसून सांगितलं की वर्षभराचे अर्धे अडथळे कमी होतात. आणि सांगितलेली वेळ एकदाही चुकवू नका.

मतदार नोंदणी, आणि शिबिर

मतदार नोंदणी हे सोपं आणि हमखास होणारं काम आहे, म्हणून ते पहिल्या वर्षाच्या मुलांकडे सोपवते. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नवं नाव नमुना 6, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना 8. वसतिगृहातल्या मुलांना गावच्या किंवा कॉलेजच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एकाच ठिकाणी, नाव घालता येतं. मदतीसाठी 1950 हा फोन क्रमांक. मुलांनी इतरांचे मोबाइल हातात घेऊन भराभर फॉर्म भरू नयेत, शेजारी बसून त्यांच्याकडून भरून घ्यावेत. ओटीपी आणि आधारची छायाचित्रं आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नयेत.

सात दिवसांच्या शिबिरात सकाळचं श्रमदान असू द्या, मुलांना ते हवं असतं आणि एकत्र घाम गाळल्यावरच ती एकमेकांची होतात. बौद्धिक सत्रांतले पाहुणे मात्र निम्म्यावर आणा. मोकळ्या झालेल्या दुपारी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वाचा, ग्रामपंचायतीचा नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही, मतदार नोंदणीचा अर्ज नव्हे) म्हणजे काय, घरपट्टी कशी ठरते, हे ग्रामसेवकांनाच शिकवायला बोलवा. आमच्याकडे ते आधी संकोचले आणि मग दोन तास बोलले. कुणी त्यांना शिकवायला बोलावलं नव्हतं कधी. सहाव्या दिवशी संध्याकाळी गावकऱ्यांसमोर मुलांनी केलेल्या कामाचा हिशेब द्यायचा, चुकलं काय तेही सांगायचं. समारोपाच्या दिवशी हे ठेवू नका, त्या दिवशी सत्कारांतच वेळ जातो.

सोपवणं

पिंप आलं, प्रमाण लिहिलेला पत्रा टाकीवर लागला, बचत गटातल्या एक काकू दर मंगळवारी शेवटच्या नळाची चाचणी करायला लागल्या. मार्चमध्ये मुलं परीक्षेला बसली, ज्वारीची काढणी आली, आणि चाचणी पाच आठवडे बंद पडली. जूनमध्ये नवी मुलं गेली तेव्हा नोंदवहीत मोकळी पानं होती. मुलं खट्टू झाली. मी त्यांना ती पानं तशीच ठेवायला सांगितलं, पुढच्या वर्षी काढणीच्या महिन्यात चाचणी कोण करणार हे काकूंशी आधीच बोलून ठरवायला सांगितलं. ठरलं: अंगणवाडीच्या ताई.

म्हणून सोपवण्याचं काम एप्रिलमध्ये नको, जानेवारीत सुरू करा. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकानं पहिल्या वर्षाचा एकजण सोबत घ्यायचा आणि दोन महिने त्याला पुढे करून स्वतः मागे राहायचं. आपण त्यांच्याशी जसं वागलो तसंच. गावात निरोप घ्यायला जाताना नव्या मुलाची ओळख नावानं, त्याच्या गावासकट करून द्यायची.

फाइल एकच ठेवा आणि ती कॉलेजच्या कपाटात नको, मुलांच्या हातात असू द्या. तिच्यात अर्जांच्या पोचा, ठरावाची प्रत, चाचण्यांचा तक्ता, अर्धवट राहिलेल्या कामांची यादी. आणि शेवटच्या पानावर, आमच्या मुलांनी स्वतःहून लिहिलेलं: टाकीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, मामा दुपारी कुठे भेटतात, वस्तीवरून परतीची शेवटची एसटी किती वाजता, आणि कोणत्या आजींना गेल्या गेल्या आधी हाक मारायची.